रिव्हर्स नसलेली तीनचाकी

दर शनिवारी सकाळी चार माणसं एका बंद पडलेल्या गाडीभोवती उभी राहिली की किस्से आपोआप होतात, ते कुणी मुद्दाम करायला लागत नाहीत. मी कुठे सांगायला लागले की आमचे हे म्हणतात, "झालं, मुग्धाचं गॅरेज उघडलं!" म्हणू देत. दोन हिवाळे मी तिथे हात काळे केलेत, एवढा हक्क मला आहे. तर ऐका. हसायचं तिथे हसा, पण शेवटचा सांगेन तेव्हा कृपा करून मधे बोलू नका.

गॅरेज मेश्राम काकांचं. इथेच श्रूजबरीत, आमच्या घरापासून तीन रस्ते सोडून. काका मूळ नागपूरचे, आता शहात्तर वर्षांचे. आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलं, आधी काही वर्षं इंग्लंडमध्ये आणि मग इथे अमेरिकेत. मदतीला आम्ही तिघं. मी सांगलीची, ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं काम. हेमंत पुण्याचा, त्याला सगळं आधीच माहीत असतं. परेश मुंबईचा, त्याला काहीच माहीत नसतं, पण तो एकही शनिवार चुकवत नाही.

आणि काकू. शीलाकाकू. त्या गॅरेजमध्ये येत नसत. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायला एक पायरी आहे, त्या पायरीवरून चहाचा ट्रे काकांच्या हातात द्यायचा आणि दार लावून घ्यायचं. का, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

* * *

गाडी सापडली ती इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकमध्ये. म्हणजे गाडीचा फोटो. हेमंतने फोनवर कुठलीतरी जाहिरात काढली आणि सगळ्यांना दाखवत सुटला, "ही बघा कार्टून गाडी! पुढे एक चाक, मागे दोन. हिला दारच नाही, लोक आत कसे जायचे देव जाणे." सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

फोन फिरत फिरत काकांच्या हातात गेला. काकांनी चष्मा वर केला आणि इतका वेळ बघत राहिले की हेमंतला वाटलं स्क्रीन बंद पडली.

"दार हाये," काका म्हणाले. "एकच हाये. डाव्या बाजूला. यानं फोटो उजवीकडून काढला." मग फोन परत देताना विचारलं, "कुठं हाये ही?"

ती होती व्हरमाँटमध्ये, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात. पुढच्याच शनिवारी आम्ही ट्रेलर घेऊन गेलो. गाडीत पाच कोंबड्या राहत होत्या. शेतकरी म्हणाला, "थोडा वेळ द्या, त्यांना अजून सांगितलेलं नाही."

घरी आणून उतरवली तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडलं. काकू पायरीवर आल्या. त्यांनी गाडी पाहिली, काकांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. परेश मला हळूच म्हणाला, "यार, काकूंना कोंबड्यांचा वास आला असेल." मलाही तसंच वाटलं.

* * *

ही गाडी कुठून आली हे काका आम्हाला हप्त्याहप्त्याने सांगायचे. हातात पाना असला की काकांचं तोंड उघडतं, एरवी नाही.

महायुद्धानंतर इंग्लंडात पेट्रोल मोजून मिळायचं, पोलाद मिळत नव्हतं, आणि पाऊस मात्र भरपूर. मोटरसायकलवर बायकोपोरांना घेऊन भिजत जाणाऱ्या माणसाला डोक्यावर छप्पर हवं होतं. मग छोट्या छोट्या कारखान्यांनी युक्ती काढली. मोटरसायकलचंच एका सिलिंडरचं इंजिन घ्यायचं, त्याला तीन चाकं लावायची, वर अॅल्युमिनियमचा पत्रा. तीन चाकं आणि वजन कमी, म्हणून कर मोटरसायकलचा. आणि गाडीला रिव्हर्स गिअर नसेल तर मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवायची परवानगी!

"म्हणजे मुद्दाम रिव्हर्स नाही ठेवला?" परेशने विचारलं.

"मुद्दाम. साहेबाचा कायदाच तसा होता. मागं जायचं असंल तर कारचं लायसन्स काढा. पुढंच जायचं असंल तर या, बसा."

पुढे चांगल्या चारचाकी छोट्या गाड्या स्वस्तात मिळायला लागल्या आणि हे कारखाने एकामागून एक बंद पडले. काका इंग्लंडला पोचले तेव्हा या गाड्या जुन्या झाल्या होत्या. त्यांच्या घरमालकाने त्याची अशीच एक जुनी काकांना देऊन टाकली. काकांकडे लायसन्स मोटरसायकलचंच होतं. लग्नाला वर्ष झालं होतं. काकू नुकत्याच नागपूरहून आल्या होत्या.

"मग काकूंना फिरवलं की नाही?" मी आपलं सहज विचारलं.

काकांचा हात थांबला. त्यांना कंप आहे, डाव्या हाताला जास्त. पण त्या वेळी हात अगदी स्थिर झाला होता.

काका म्हणाले, "फिरवलं ना. आणि एकदा एअरपोर्टला नेत होतो. तिची आई सिरीयस होती. तार आली होती. कसंबसं तिकीट मिळवलं. जानेवारी होता, रस्त्यावर बर्फ, वर धुकं. मी एका ठिकाणी चुकीचा वळलो. अरुंद बोळ, खाली उतार, दोन्ही बाजूंना भिंती, आणि तळाला कुण्या गोदामाचं बंद फाटक. रिव्हर्स नाही. दोघांनी उतरून मागं ओढली. चढावर बर्फ. दोन पावलं वर आली की तीन पावलं खाली जाय. ती साडीवर बूट घालून ओढून राहिली होती. हाताची सालटी गेली तिच्या. विमान गेलं. पुढची सीट चार दिवसांनी भेटली. तवर आई गेल्या होत्या."

परेश पाना उलटासुलटा करत बसला.

शेवटी हेमंतने, आमच्या शहाण्या हेमंतने, विचारलं, "मग काका, हीच गाडी कशाला आणली?"

"पोचवायचं राहिलं ना बे," काका म्हणाले. "एकदा तिला हिच्यात बसवून जिथं म्हणंल तिथं नीट पोचवायचं हाये. बस. तेवढंच हाये."

त्या दिवसापासून हे काम आमच्यासाठी टाइमपास उरलं नाही. गाडी चालू होणं ही अर्धीच गोष्ट होती. काकू तिच्यात बसतील का, हा खरा प्रश्न होता, आणि काकू तर गॅरेजमध्ये पाऊलसुद्धा ठेवत नव्हत्या.

* * *

जरा हसा आता. कार्ब्युरेटरचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातून पेट्रोल गळू नये म्हणून मधे बसवायची पातळ चकती, कुठेच मिळेना. इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्याने ईमेल केला की त्याच्याकडे शेवटचं होतं, ते त्याने मागच्याच आठवड्यात स्वतःच्या गाडीला लावलं. काका म्हणाले, "जाड, गुळगुळीत, चांगल्या प्रतीचा कागद आणा. मी कापतो."

परेश गेला आणि त्याच्या गाडीतून स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आला. डिसेंबरात दादरला लग्न, पत्रिका आईने खास इथे वाटायला पाठवलेल्या. काकांनी एक बोटांत चोळून पाहिली, खूश झाले, आणि कात्रीने असं सुरेख गॅस्केट कापलं की काय सांगू. त्याच्यावर "चि. सौ. कां." आणि पुढे नवरीचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

परेशने फोटो काढून होणाऱ्या बायकोला पाठवला. तिचा लगेच फोन! "माझं नाव कुठे बसवलंय तुम्ही?"

परेश घाबरून आमच्याकडे बघायला लागला. काकांनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "बेटा, जिथून गळती व्हायची भीती होती ना, तिथं तुझं नाव लावलं. आता गळत नाही."

ती पोरगी आता श्रूजबरीतच असते आणि हा किस्सा माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगते.

* * *

इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं त्या दिवशी हेमंत नारळ आणि चार लिंबं घेऊन आला. पुणेकर सवय, नवी गाडी म्हटलं की चाकाखाली लिंबू. पिशवी उघडल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कुणाच्या घरात उभे आहोत. समोरच्या भिंतीवर बुद्धांचा फोटो. काका-काकू पक्के बौद्ध, रोज संध्याकाळी वंदना करणारे, आणि नारळ-लिंबू हा प्रकार त्यांनी आयुष्यात कधी केलेला नाही.

हेमंत लाल झाला. "सॉरी काका, खरंच सॉरी. सवयीने आणली."

काकांनी एक लिंबू हातात घेऊन दाबून पाहिलं. "रसाची दिसतात. काहून चिरडून राहिला बे? आणि चाकं तीन, लिंबं चार. चौथं काय माझ्या डोक्यावर पिळतो?" असं म्हणून पिशवी पायरीवर ठेवली आणि आत हाक दिली, "शीला, सरबत होते का पाय!"

सरबत आलं. दार परत बंद झालं.

मग बॉनेट उघडून किक मारायला सुरुवात. हिला किक असते आणि ती बॉनेटखाली असते. काकांनी मारल्या, दमले. हेमंतने मारल्या, मारताना थिअरी सांगितली. परेशच्या बुटाचा तळ निघाला. मी म्हटलं, सरका बाजूला, सांगलीत मी वडिलांच्या जुन्या स्कूटरशी दहा वर्षं भांडले आहे. तिसऱ्या किकला पेटलं! सगळं गॅरेज निळ्या धुराने भरलं, आवाज असा की डब्यातले स्क्रू नाचायला लागले. आम्ही तिघं लहान मुलांसारखे ओरडत होतो.

काका ओरडले नाहीत. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. आत काकूंना तो आवाज ऐकू गेला असणारच. पन्नास वर्षांनी ऐकला असेल. दार उघडलं नाही. काकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि इंजिन बंद केलं. मला तिथेच रडू आलं, धुराचं निमित्त बरं होतं.

* * *

मग रजिस्ट्रेशन. ऑफिसातल्या बाई फार सज्जन, पण त्यांच्या फॉर्मवर दोनच चौकोन. कार की मोटरसायकल?

त्यांनी विचारलं, "स्टिअरिंग आहे?" आहे. "म्हणजे कार." पण चाकं तीनच. "म्हणजे मोटरसायकल." छप्पर आहे. "म्हणजे कार." किक मारावी लागते. बाईंनी पेन खाली ठेवलं, सुपरवायझरला बोलावलं. तो आला, त्याने फोटो पाहिला, आणि तोही खुर्ची ओढून बसला. आमच्या मागची रांग पुढे सरकून फोटो बघायला लागली.

काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, हा प्रश्न ब्रिटिश सरकारलाही नीट सुटला नव्हता. तुम्ही घाई करू नका."

नंबर प्लेट मिळाली. कुठल्या चौकोनात टिक केली ते मी सांगणार नाही, बाई अजून नोकरीत आहेत.

* * *

आता हेमंतचा. हा त्याच्यासमोरही सांगते.

एप्रिलमध्ये काकांनी त्याला गाडी ड्राइव्हवेवरून आत घ्यायला सांगितली. हेमंत म्हणाला, "काका, आमच्या सोसायटीत वीस गाड्यांच्या जागेत चाळीस लागतात. पार्किंग मला शिकवू नका." आणि पुण्यातल्यासारखी त्याने ती भिंतीला अश्शी चिकटवून लावली की मधून पोस्टकार्डसुद्धा जाऊ नये. नाक समोरच्या वर्कबेंचला टेकलेलं. उतरायला गेला तर दार डावीकडे, भिंतही डावीकडे. उजवीकडे दारच नाही. रिव्हर्स नाही.

आम्ही तिघं बाहेर उभे, हेमंत आत काचेमागे. परेशने व्हिडिओ काढायला सुरुवात केली.

काका म्हणाले, "राहू द्या जरा वेळ. सगळं माहीत असणारा माणूस हाये, काढंल मार्ग."

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. काकू! दार उघडून पायरीवर उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून, खांदे हलत होते. म्हणाल्या, "हेमंत, हेही पहिल्या दिवशी असेच अडकले होते रे. घरमालकाच्या कुंपणाला लावून. मी खिडकीतून पोळी भरवली होती."

बोलल्या आणि त्यांच्याच लक्षात आलं की आपण बोललो. काका जागच्या जागी थिजले. आम्ही गाडीची मागची बाजू उचलून ओढली, हेमंत सुटला, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. काकू आत गेल्या होत्या. त्या दिवशी दार मात्र उघडंच राहिलं.

* * *

मे महिन्यात सुजाता आली, काकांची मुलगी, इथून लांब शॉमबर्गला असते. काकांचा कंप वाढला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सध्या दिवसा, जवळपास, हळू चालवा, पण ऑगस्टनंतर बंद. सुजाताने घर विकायला काढलं होतं, जूनमध्ये दोघांना घेऊन जायचं ठरलं होतं. तिच्याकडे या गाडीला जागा नव्हती. स्टेट कॉलेजचे एक रिटायर्ड प्रोफेसर अशा गाड्या सांभाळतात, ते न्यायला तयार झाले. रविवारी सकाळी अकराला त्यांचा ट्रेलर येणार होता.

शनिवारी सुजाताने मला ड्राइव्हवेवर गाठलं. "मुग्धा, तुम्ही लोक बाबांना एनकरेज करता. स्टिअरिंग चुकीच्या बाजूला, हात थरथरतात, आणि तुम्ही टाळ्या वाजवता!"

मीही काही कमी नाही. म्हटलं, "तुझे बाबा दोन वर्षं दर शनिवारी सकाळी आठला दाढी करून तयार असायचे. तू फोनवर कधी विचारलंस का, कशासाठी?"

ती हळू म्हणाली, "मला माहीत आहे कशासाठी. बाबांनी सांगितलंय, त्यांच्या चुकीमुळे आजीचं शेवटचं दर्शन झालं नाही ते. पण आईला ते उकरून नकोय. गाडी आली तेव्हा ती तीन दिवस कुणाशी बोलली नव्हती. आई बसणार नाही, मुग्धा. बाबांना एकदा सांगून टाक ना तूच."

मी आत गेले, पण काकांना काही सांगितलं नाही. माझ्याने नाही झालं. काका सीट पुसत होते, डाव्या बाजूची.

* * *

रविवार. सकाळचे नऊ. गाडीचं तोंड आम्ही आदल्या दिवशीच उचलून फिरवून रस्त्याकडे केलं होतं. मी किक मारली, पहिल्याच किकला सुरू झाली. या गाडीत ड्रायव्हरला आधी बसून आत सरकावं लागतं. काका तसे बसले आणि डावीकडचं दार उघडं ठेवलं. हाक मारली नाही, हॉर्न दिला नाही. नुसते बसून राहिले.

पाच मिनिटं गेली. इंजिन फटफटत होतं. परेश म्हणायला लागला, "काका, पेट्रोल..." मी त्याला कोपर मारलं.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. काकू पायरी उतरल्या. निळी साडी, वर स्वेटर, खांद्याला पर्स. मला म्हणाल्या, "मुग्धा, दार जरा धर गं," आणि वाकून आत बसल्या. मी दार लावलं.

गाडी बाहेर पडली. आम्ही माझ्या मिनीव्हॅनमध्ये मागे. सुजाता धावत येऊन शेजारी बसली, पायात घरातल्या स्लिपर्स. वीसच्या वर स्पीड नव्हता. कोपऱ्यावर स्टॉप साइन आहे, तिथे रस्ता संपतो, डावीकडे वळा नाहीतर उजवीकडे. काकांनी गाडी थांबवली. थांबली ती थांबलीच.

मला वाटलं इंजिन गेलं. मी उतरून पळाले, सुजाता माझ्या मागे. पण इंजिन चालू होतं. काकूंच्या बाजूची काच खाली होती. त्या समोर बघत बोलत होत्या.

"त्या दिवशी इकडून वळा असं मी म्हटलं होतं. तुम्ही सरळच चालला होता."

काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "माहीत हाये," ते म्हणाले.

"मग सगळ्यांना स्वतःचं नाव काहून सांगितलं? सुजाताला पण?"

सुजाताने माझा दंड घट्ट धरला. मागे कुणीतरी हॉर्न दिला.

"शीला, लाइन लागली मागं," काका म्हणाले. "सांग, कुठं वळू?"

काकूंनी उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. पर्स मांडीवर घट्ट धरली.

"डावीकडे," काकू म्हणाल्या.

काकांनी गाडी डावीकडे घेतली.